ध्रुवसंशोधनातील एक भागीदारी



राज्यकारभार आणि विद्याव्यासंग ही दोन निरनिराळी घराणी आहेत, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सरकारजवळ द्रव्य असते, परंतु त्याची दृष्टी पुढच्या अंदाजपत्रकापलीकडे सहसा जात नाही. विद्यापीठाजवळ चिकाटी असते, परंतु गलबत विकत घेण्याची त्याची ऐपत नसते. ही दोन घराणी एका छपराखाली नांदली, तर त्यापासून जगास काय लाभ होतो, याचे एक उदाहरण आज मी आपणापुढे ठेवणार आहे. हे उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटाच्या राजधानीचे, म्हणजे होबार्ट शहराचे आहे.

होबार्टच्या धक्क्यावरून दक्षिणेस निघालेल्या जहाजास अंटार्क्टिकाच्या बर्फापर्यंत वाटेत जवळजवळ जमीनच लागत नाही. डग्लस मॉसन यांची प्रसिद्ध मोहीम २ डिसेंबर १९११ रोजी याच बंदरातून निघाली. पुढे १९८१ साली ऑस्ट्रेलिया सरकारच्या अंटार्क्टिक विभागाचे मुख्य ठाणे शहरालगतच्या किंग्स्टन येथे आले. त्याच दशकात सीएसआयआरओ या राष्ट्रीय संशोधनसंस्थेची सागरी प्रयोगशाळाही बंदरावर स्थापन झाली. टास्मानिया विद्यापीठ तर तेथे १८९० पासून होतेच. अशा रीतीने तिघे शेजारी झाले आणि १९९१ साली या शेजाराचे रूपांतर रीतसर भागीदारीत झाले. सरकारने त्या सुमारास ‘सहकारी संशोधन केंद्रे’ काढण्याची जी योजना आखली होती, तिच्यान्वये विद्यापीठाच्या आवारात अंटार्क्टिका व दक्षिण महासागर यांच्या अभ्यासाचे केंद्र उघडण्यात आले. २००३ साली त्याची जागा दुसऱ्या केंद्राने घेतली. २०१९ पासून हेच कार्य ‘ऑस्ट्रेलियन अंटार्क्टिक प्रोग्रॅम पार्टनरशिप’ या नावाने चालू आहे. विद्यापीठ तिचे अग्रणी असून अंटार्क्टिक विभाग, सीएसआयआरओ, वेधशाळा खाते, भूशास्त्र खाते व टास्मानियाचे प्रांतिक सरकार हे तिचे भागीदार आहेत.

आता कोणी विचारील की, निर्मनुष्य समुद्रासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर असे. मनुष्याने हवेत सोडलेल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठते, तिच्यापैकी शेकडा ९० हून अधिक भाग समुद्र आपल्या पोटात घेतो, आणि त्यात दक्षिण महासागराचा वाटा फार मोठा आहे. शिवाय तेथे निसर्गाचा एक विलक्षण व्यापार चालतो. समुद्राचे पाणी गोठू लागले म्हणजे बर्फ होताना त्यातील क्षार बहुतांशी बाहेर टाकला जातो. त्यामुळे खालचे पाणी खारट, थंड आणि जड होऊन तळाशी बुडते. जाताना ते प्राणवायू बरोबर नेते आणि तळातळाने उत्तरेकडे पसरत थेट आपल्या हिंदी महासागरापर्यंत येते. हे अभिसरण मंदावले, तर जगाच्या समुद्रांची उष्णता आणि प्राणवायू यांची वाटणीच बदलेल.

ही गोष्ट मोजावयाची कशी? एका सफरीत ती कळत नाही. टास्मानियापासून अंटार्क्टिकापर्यंत समुद्रावर एक काल्पनिक रेषा कल्पून, तिच्यावरील ठराविक ठिकाणी थांबून, पृष्ठापासून तळापर्यंत पाण्याचे तापमान व क्षारता मोजण्याचा क्रम १९९१ साली सुरू झाला. त्याच रेषेवर जहाजे पुनःपुन्हा गेली. त्या मोजमापांतून तळाचे पाणी काहीसे उबदार व कमी खारट झाले असून त्याचा थरही आकसत आहे, हे दिसून आले. पहिल्या सफरीच्या आकड्यांस जे मोल आले, ते पुढील सफरींमुळे आले, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे उदाहरण बर्फाचे. सरकारच्या केसी ठाण्याजवळ लॉ डोम नावाचा हिमाचा उंचवटा आहे. तेथे हिमवृष्टी इतकी विपुल होते की, वर्षावर्षाचे थर निराळे ओळखता येतात. अंटार्क्टिक विभागाच्या मंडळींनी १९९३ पर्यंत तेथे सुमारे १,२०० मीटर खोल छिद्र पाडून बर्फाचा सलग दांडा काढला. त्यात कोंडलेल्या बुडबुड्यांतील हवेचे पृथक्करण सीएसआयआरओच्या प्रयोगशाळेत झाले. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायॉक्साइडचे सुमारे २८० भाग होते, हे त्यावरून पक्के झाले. आज ते प्रमाण ४२० च्या वर गेले आहे. बर्फ एकाने काढावा, हवा दुसऱ्याने तपासावी आणि दोहोंचा अर्थ विद्यापीठातील तरुण अभ्यासकांनी इतरांच्या साह्याने लावावा, असे हे श्रमविभाजन आहे.

तिसरे उदाहरण टॉटन हिमनदीचे. तिच्या मागे साठलेला बर्फ सर्व वितळला, तर जगातील समुद्राची पातळी सुमारे साडेतीन मीटर वाढेल. जानेवारी १९१५ साली शॅकल्टनचे जहाज बर्फात अडकले होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, ‘अरोरा ऑस्ट्रॅलिस’ हे जहाज टॉटनच्या मुखापर्यंत पोहोचले. तेथे एका खोल दरीतून बाहेरचे तुलनेने उबदार पाणी हिमनदीच्या पोटाखाली शिरत असल्याचे आढळले. उबदार म्हणजे आपल्या अर्थाने नव्हे. ते शून्य अंशाखालीच होते. परंतु खोलीवरील दाबामुळे बर्फ तेथे आणखी कमी तापमानास वितळतो, म्हणून तेवढी ऊबही त्यास पुरते.

आणि जेथे हिवाळ्यात जहाज जाऊ शकत नाही, तेथे चक्क प्राण्यांची मदत घेतली जाते. हत्ती-सीलच्या डोक्यावर एक लहानसे यंत्र चिकटवतात. तो प्राणी भक्ष्यासाठी खोल बुड्या मारतो, तेव्हा यंत्र तापमान व क्षारता टिपते आणि तो वर आल्यावर उपग्रहाकडे आकडे धाडते. केस झडण्याच्या ऋतूत यंत्र आपोआप गळून पडते. जड पाणी केप डार्नली येथेही तयार होते, हा शोध २०१३ साली प्रसिद्ध झाला. तो जपानी व होबार्टच्या शास्त्रज्ञांनी, समुद्रतळाशी ठेवलेल्या यंत्रांच्या जोडीस या सीलांची साक्ष घेऊन लावला.

परंतु या भागीदारीचा संसार सदैव सुखाचा झाला, असे मात्र नाही. समुद्राचे फेरफार दशकांनी मोजावे लागतात आणि सरकारी अनुदाने ठराविक मुदतीने संपतात. २०१६ च्या फेब्रुवारीत सीएसआयआरओच्या चालकांनी हवामानशास्त्रातील बरीच पदे कमी करण्याचा बेत जाहीर केला. हवामान बदलते हे आता सिद्ध झाले, तेव्हा लक्ष उपायांकडे वळवावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. जगभरातील हजारो शास्त्रज्ञांनी त्यास विरोध केला, आणि एप्रिलमध्ये होबार्ट येथे ४० शास्त्रज्ञांचे हवामानकेंद्र दहा वर्षे चालविण्याचे आश्वासन देण्यात आले. चालकांचा युक्तिवाद वरवर सयुक्तिक वाटतो. परंतु ताप आहे असे ठरल्यावर वैद्याने नाडी पाहणे सोडून द्यावे काय? उपाय लागू पडतो की नाही, हे तरी कशावरून कळणार? खंडित झालेले मोजमाप पुढे कितीही पैसा ओतला तरी भरून निघत नाही, कारण गेलेल्या वर्षाचा समुद्र पुन्हा मोजता येत नाही.

भागीदारीचे खरे महत्त्व मला येथे दिसते. एका भागीदाराचे मन डळमळले, तर दुसरा काम धरून ठेवतो. जहाज व ठाणी सरकारची. परंतु एका पिढीचा अभ्यासक निवृत्त होताना त्याची विद्या पुढच्या पिढीच्या हाती देण्याचे काम विद्यापीठाचे. पैसा सरकारचा म्हणून निष्कर्षही सरकारच्या सोयीचे निघतील, अशी शंका कोणास येईल आणि ती रास्तही आहे. तिच्यावर उतारा एकच: आकडे सर्वांस खुले ठेवणे आणि निष्कर्ष जगातील जाणकारांच्या परीक्षेस उतरविणे.

हे सर्व आपणास दूरचे वाटू नये. गोव्यात वास्को येथे आपली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन संस्था आहे आणि २०१२ साली उघडलेले आपले ‘भारती’ ठाणे केप डार्नलीच्या पूर्वेस, प्रिड्झ उपसागराच्या किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे. अंटार्क्टिकाचा बर्फ घटला की त्याची ओढ कमी होऊन तेथील पाणी उत्तरेकडे सरते, आणि त्याचा भार आपल्यासारख्या दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून काहीसा अधिकच पडतो. मुंबईचे पाणी किती चढले, हे आपला मापक सांगेल. ते पुढे किती चढेल, याचा अंदाज मात्र टॉटनसारख्या हिमनद्यांच्या मुखाशी जाऊनच बांधावा लागतो. होबार्टच्या चालू भागीदारीची मुदत दहा वर्षांची आहे. ती संपेल तेव्हा तिचे नाव पुन्हा बदलले तरी चालेल. त्या रेषेवर जाणारे जहाज मात्र बंदरात अडकून पडता कामा नये, कारण त्याच्या वहीतील पुढचे पान आपल्याही किनाऱ्याचे आहे.