मिनर्व्हा मिलचे स्मरण

गोदीकाठची ओसाड गिरणी म्हटले की गलबते, वखारी आणि खारा वारा डोळ्यांपुढे येतो. बंगळूरला समुद्र नाही. येथील गिरण्या रेल्वेच्या आधाराने वाढल्या. त्यांपैकी मिनर्व्हा मिलचे साचे थांबले, परंतु तिचे नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला आजही परिचित आहे.

गिरणी डबघाईस आल्यावर १९७१ मध्ये केंद्र सरकारने तिचा कारभार हाती घेतला. १९७४ च्या कायद्याने तिचे राष्ट्रीयीकरण झाले. मालकांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांची बाजू मांडताना नानी पालखीवाला यांनी ४२ व्या घटनादुरुस्तीलाच आव्हान दिले. १९८० मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने बहुमताने निर्णय दिला, की घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार मर्यादित आहे आणि ती मर्यादा संसदेला स्वतः पुसून टाकता येणार नाही. गिरणी मात्र मालकांना परत मिळाली नाही; राष्ट्रीयीकरणावरील त्यांचे आक्षेप न्यायालयाने १९८६ मध्ये फेटाळले.

या खटल्याच्या शीर्षकात मालक आहेत, भारत सरकार आहे. साचे चालविणारे कामगार नाहीत. नागरिकांच्या हक्कांशी जे नाव कायमचे जोडले गेले, ते याच कामगारांच्या श्रमांवर उभे होते. म्हणून बंद गिरण्यांचा शोध घेणाऱ्याने निकालपत्र वाचावे, तसेच म्हाताऱ्या कामगारांनाही बोलते करावे. निकाल ग्रंथालयात सुरक्षित राहतो. कामगाराची आठवण कोणी लिहून घेतली तरच उरते.