आर्ट्स शिकायला परदेशी कशाला?

घरातली कामं आवरली असतील, नसतील तर हाताखाली चालू द्या आणि कान इकडे ठेवा. आजचा विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीतच निघाला. हप्ते गोळा झाले, वही मिटली, तेव्हा आमच्यातली एक ताई म्हणाली, "माझी पोरगी बाहेरच्या देशात शिकायला जायचं म्हणते. इंजिनिअरिंगला नाही, डाक्टरकीला नाही. समाजशास्त्राला. मी काय सांगू तिला?"

आम्ही सगळ्या गप्प बसलो. मग एकेक जण बोलायला लागली. एवढा पैसा घालायचा तर कॉम्प्युटरला घाल. आर्ट्स तर आपल्या तालुक्याच्या कॉलेजातही आहे. शिकून आली तरी नोकरी कोण देणार? खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणालाच पुरतं काही माहीत नव्हतं. म्हणून पुढचे दोन महिने आम्ही माहिती काढली, नियमावल्या वाचल्या, कॉलेजातल्या मॅडमना विचारलं. जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी त्या मुलीविषयी. तिच्या आईवडिलांचा एक कोयता. म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या सुमाराला गाडीत बसायचं आणि सहा महिने कारखान्याच्या फडात राहायचं. स्वतःची जमीन नाही. मुलगी गावात आजीजवळ राहिली, हंगामी वसतिगृहात जेवली, शाळा शिकली, बीए झाली. आता तिला स्थलांतराचा अभ्यास करायचा आहे. माणसं घर सोडून कामाला का जातात, त्यात बायकांचं काय होतं, पोरांच्या शाळेचं काय होतं, हा तिचा प्रश्न आहे. तो तिनं पुस्तकातून घेतलेला नाही.

हा प्रश्न शिकण्याजोगा आहे का? एकच उदाहरण देतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ बायकांना विचारलं, त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. पिशवी काढलेली बाई आपल्या प्रत्येकीच्या गल्लीत होती. पण घरोघर जाऊन, नीट प्रश्न विचारून मोजेपर्यंत ते "तिचं नशीब" होतं. मोजल्यावर तो सगळ्यांनी बोलण्याचा विषय झाला. कुणाला विचारायचं, कसं विचारायचं, आलेल्या उत्तरांचा अर्थ कसा लावायचा, हेच समाजशास्त्र शिकवतं. त्याला रिकामटेकड्यांचा विषय म्हणणं आम्ही त्या दिवसापासून सोडलं.

आणि या विषयांसाठी परदेशी जाणं आपल्याकडे नवीनही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले ते कोलंबिया विद्यापीठात. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तिथे ते अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र शिकले. १९१६ साली तिथल्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी निबंध वाचला, तो भारतातल्या जातींवर. म्हणजे बसले न्यूयॉर्कमध्ये आणि अभ्यासला आपला गाव. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ साली परतावं लागलं. नोकरी करून, पैसे साठवून, मदत आणि कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले आणि शिक्षण पुरं केलं.

दुसरं उदाहरण इरावती कर्वे यांचं. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावतीबाई. १९२८ साली त्या मानववंशशास्त्र शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे सासरे म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. बायकांच्या शिक्षणासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, त्यांनाही सुनेनं जर्मनीला जाणं पसंत नव्हतं. पती दिनकरराव पाठीशी राहिले, जीवराज मेहतांकडून कर्ज घेतलं आणि त्या गेल्या. परत येऊन त्यांनी डेक्कन कॉलेजात शिकवलं, देशभर हिंडून कुटुंबांचा, नात्यांचा अभ्यास केला. कोयना धरणात ज्यांची गावं गेली त्या माणसांची पाहणीही त्यांनी केली. धरणाची भिंत इंजिनिअर बांधतो. भिंतीमागे बुडालेल्यांचं पुढे काय झालं हे विचारायला इरावतीबाई लागतात.

आता व्यवहाराचं बोलू.

परदेशात या शाखेत काय काय शिकता येतं? विकास अभ्यास, सार्वजनिक धोरण, स्त्री अभ्यास, स्थलांतर अभ्यास, समाजकार्य, मानववंशशास्त्र, भाषाशास्त्र, इतिहास, संग्रहालयशास्त्र, शिक्षणशास्त्र. नेदरलँड्समध्ये हेग शहरात इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज ही १९५२ पासूनची संस्था विकास अभ्यासासाठीच आहे. इंग्लंडमध्ये ससेक्सची इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज आहे. जर्मनीत हायडेलबर्गला दक्षिण आशिया संस्था आहे, गटिंगेनला आधुनिक भारताच्या अभ्यासाचं केंद्र आहे.

शिकवण्याची रीत मात्र वेगळी. तिथे गाईड आणून पाठ करून भागत नाही. आठवड्याला ढीगभर वाचायचं, वर्गात बोलायचं आणि स्वतःच्या शब्दांत निबंध लिहायचा. दुसऱ्याचं वाक्य नाव न सांगता उचललं तर ती चोरी धरतात, नापासही करतात. आपल्या मुली हुशार असतात, पण "सर, मला हे पटत नाही" असं म्हणायची सवय त्यांना आपण लावलेली नसते. जायचं असेल तर ती सवय इथूनच लावायला हवी, आणि इंग्रजीत रोज पानभर लिहायचीही.

खर्चाचं काय? देशादेशांत फार फरक आहे. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, सत्राची किरकोळ वर्गणी असते. अपवाद आहेत. हायडेलबर्ग ज्या राज्यात आहे तिथे आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं नव्हे. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्या-जेवण्याचे ११,९०४ युरो आधी एका बंद खात्यात दाखवावे लागतात. दर महिन्याला त्यातले ९९२ काढता येतात. रुपयांत ही रक्कम कित्येक लाखांवर जाते. शिवाय आपल्या पदव्यांची एपीएस नावाची तपासणी करून घ्यावी लागते, तिला वेळ लागतो. इंग्लंडमध्ये एमए एका वर्षात होतं, पण फी भारी. अमेरिकेत एमएला मदत क्वचित मिळते, पीएचडीला बऱ्याच विद्यापीठांत फी माफ होऊन विद्यावेतन मिळतं. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथे शिक्षणानंतर काम करायला मिळतं ते साधारण एक वर्ष. विज्ञान, तंत्रज्ञान, गणितवाल्यांना वर आणखी दोन वर्षं मिळतात, आर्ट्सवाल्यांना नाही. "तिकडेच नोकरी करून कर्ज फेडीन" या हिशेबावर आर्ट्सच्या मुलीनं निघू नये.

कर्जाचा विषय निघाला तेव्हा त्या ताईनं जे म्हटलं ते आमच्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "कर्ज म्हंजी उचलच की. मी उचलीपायी आठ महिन्यांची पोटुशी असताना मोळी उचलली. पोरीच्या अंगावर आता बँकेची उचल घालू का?"

तिचं भय खोटं नाही. बँकांच्या नेहमीच्या शिक्षणकर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यावर लागतं. भूमिहीनानं तारण काय द्यायचं? केंद्र सरकारची पीएम विद्यालक्ष्मी योजना बिनतारणी आहे, पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी, परदेशासाठी नव्हे. म्हणून आम्ही ठरवून सांगतो. राहतं घर किंवा असलेला तुकडा गहाण टाकून आर्ट्स शिकायला परदेशी जाऊ नका. शिष्यवृत्ती मिळाली तर जा.

शिष्यवृत्त्या आहेत. राज्य सरकारची अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी, इतर मागास, भटके-विमुक्त यांच्यासाठी वेगळ्या विभागांच्या योजना आहेत, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची आहे. बहुतेक ठिकाणी उत्पन्नाची मर्यादा आणि विद्यापीठाचं जागतिक क्रमवारीतलं स्थान बघतात. युरोपची इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १,४०० युरो मिळतात, आणि एकाच पदवीसाठी दोन-तीन देशांत शिकता येतं. ब्रिटनची चिव्हनिंग एका वर्षाच्या एमएला मिळते. तिला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, त्यात स्वयंसेवी कामही धरतात, आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. १८९२ साली सुरू झालेली जे. एन. टाटा एंडोमेंट ही कर्ज-शिष्यवृत्तीही आहे.

आता जिथे आमची खरी अडचण झाली ते सांगतो. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. तीस टक्के जागा मुलींना. आम्हाला वाटलं, ही तर आपल्या पोरीसाठीच काढली आहे. पण २०२२ च्या नियमावलीत एक कलम आलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून वगळले. देशातल्या विषयांसाठी देशातच साधनं आणि जाणकार आहेत, असं त्यामागचं सरकारी म्हणणं.

त्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, तिचं तुळजापूरला केंद्र आहे. पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र आहे. ऊसतोडीवर फडात जाऊन काम करणारी माणसं इथेच आहेत. त्या मुलीनंही आधी इथे अर्ज करावा असंच आम्ही सांगितलं, आणि तिनं केलाही. पण आम्हाला एक कळत नाही. ज्याच्या बापाकडे पैसा आहे त्यानं परदेशात बसून आपल्या गावावर प्रबंध लिहिला तर चालतो. भूमिहीनाच्या मुलीनं स्वतःच्या आईच्या कोयत्यावर लिहायचं म्हटलं की शिष्यवृत्ती नाही. बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध या कलमात बसला असता का? हा प्रश्न आम्ही पत्रात लिहून संबंधित खात्याला पाठवला आहे. तुम्हीही पाठवा. नियम दरवर्षी नव्यानं निघतात, तेव्हा अर्ज करण्याआधी त्या वर्षीची नियमावली स्वतः वाचा, कुणाच्या सांगण्यावर राहू नका.

सांगण्यावर राहू नका हे एजंटांबाबतही. शहरातल्या एका सल्ला केंद्रात आम्ही चौघी मुलीला घेऊन गेलो होतो. तिथल्या माणसानं तिचा विषय ऐकूनही घेतला नाही. "व्यवस्थापन घ्या, लगेच प्रवेश करून देतो" म्हणाला आणि आगाऊ रक्कम मागितली. बिनफीची विद्यापीठं त्यानं काढलीच नाहीत. नंतर कळलं, प्रवेश करून दिला की अशा केंद्रांना कॉलेजांकडून दलाली मिळते. जिथून दलाली नाही ते नाव ते कशाला सांगतील? मुकादम ओळखायला आपल्याला कुणी शिकवायला नको, फक्त कोट घातलेला मुकादम ओळखता आला पाहिजे.

आणखी दोन सूचना. मानसशास्त्र शिकायला जाणाऱ्या मुलींनी लक्षात घ्यावं की भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसती परदेशी पदवी पुरत नाही. आणि परत येऊन कॉलेजात शिकवायचं असेल तर घेतलेली पदवी इथे समकक्ष धरली जाते का, हे जाण्याआधीच तपासावं.

मुलीचं काय ठरलं? तिनं तुळजापूरचा अर्ज भरला आहे आणि इरास्मसचाही. ऑक्टोबरच्या सुमाराला वर्ग सुरू होतात, म्हणून तयारी आदल्या वर्षीपासून. प्रवेश मिळेल की नाही, माहीत नाही. शिष्यवृत्तीशिवाय जायचं नाही हे मायलेकींनी मिळून ठरवलं आहे. अर्जात तिला स्वतःविषयी एक पान लिहायचं होतं. ते तिनं आधी मराठीत लिहिलं आणि आमच्या बैठकीत वाचून दाखवलं. आईचं हंगामाचं वेळापत्रक होतं त्यात. पहाटे किती वाजता उठायचं, किती मोळ्या, स्वयंपाक कधी, झोप कधी.

ऐकून ताई म्हणाली, "एवढं सगळं तू कधी बघितलंस गं? तू तर आजीजवळ होतीस."

"तू फोनवर सांगायचीस ते लिहून ठेवत होते," मुलगी म्हणाली.

त्यावर ताई काही बोलली नाही. पण पुढच्या बैठकीत अर्जाच्या झेरॉक्सचे आणि इंग्रजीच्या परीक्षेचे पैसे गटातून उचलायचे का, हा विषय तिनंच काढला. आम्ही एकमतानं होकार दिला. व्याज मात्र नेहमीचंच लावलं, तिचाच तसा आग्रह होता.

तुमच्या घरात, गल्लीत अशी एखादी मुलगी असेल तर तिला आमच्याकडे पाठवा. नियमावल्या वाचायला आम्ही बसू तिच्यासोबत. नमस्कार.