चामडं बोटानं पाहायचं: समुद्रपूरहून सप्लायर शोधताना



मी बोलतोय समुद्रपूरहून, म्हणजे वर्धा जिल्ह्यातून. नागपूर-हैदराबाद हायवेवरचं जाम ज्यांना माहीत आहे, त्यांना आमचं गाव वेगळं सांगावं लागत नाही. मी घराच्या मागच्या खोलीत हाताने चामड्याच्या वस्तू बनवतो. पाकिटं, बेल्ट, छोट्या बॅगा. शिलाई मशीन नाही. आरी, दोन सुया आणि मेण लावलेला दोरा, बस.

मला सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे येतात. "दादा, चामडं कुठून घेता? नंबर द्या ना."

आज त्याच्यावरच बोलतो. पण नंबर देणार नाही. नंबर तर मलाही मिळाला होता, आणि त्याच नंबरनं माझं दिवाळं काढलं होतं.

झालं असं, की एका दुकानदारानं मला 40 बेल्टची ऑर्डर दिली. माझी पहिली मोठी ऑर्डर. मी मोबाईलवर एक सप्लायर शोधला. व्हिडिओ छान, बोलणं गोड. सॅम्पल मागवलं, तेही एकदम झकास. मी सात हजार रुपये आधीच पाठवून दिले. माल आला. रंग तोच, वास तोच. मी खूश. आठ दिवस रात्री जागून बेल्ट शिवले.

तीन आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला. 17 बेल्ट परत आले होते. कुणाचा बेल्ट बकलपाशी तडकला, कुणाचा ताणून लांब झाला, कुणाच्या पांढऱ्या शर्टला रंग लागला. सप्लायरला फोन केला तर म्हणाला, "आपने काट दिया, अब कुछ नहीं हो सकता." नंतर फोन उचलणंच बंद.

पैसे गेले त्याचं दुःख होतंच. पण त्या बेल्टच्या मागे माझं नाव ठोकलेलं होतं ना. लोक सप्लायरला ओळखत नाहीत, मला ओळखतात.

मी ते तडकलेले बेल्ट घेऊन आबाजींसमोर बसलो. आबाजी म्हणजे माझे आजोबा. त्यांनी आयुष्यभर वहाणा शिवल्या, आणि विहिरीवर मोटा चालायच्या तेव्हा मोटेचं चामडंही शिवलं. त्यांनी बेल्ट हातात घेतला, दुमडला, मागून नखानं खरवडला आणि म्हणाले, "हे डोयानं पाहून घेतलं तू. चामडं बोटानं पाहा लागते बाप्पा."

मग त्यांनी दाखवलं. अर्धे बेल्ट पोटाच्या चामड्याचे होते. जनावराच्या पाठीचं चामडं घट्ट असतं, पोटाचं सैल. पोटाचं ताणतं. बेल्ट पाठीतूनच कापायचा. आणि उरलेले अर्धे होते खालच्या थराचे. जाड चामडं मशीनवर आडवं चिरतात, वरचा थर आणि खालचा थर वेगळा करतात. खालच्या थराला स्प्लिट म्हणतात. त्यावर रंगाचा जाड लेप मारला की दिसायला वरच्यासारखंच दिसतं. दुमडलं की लेप तडकतो. आणि गंमत बघा, त्यावर 'जेन्युइन लेदर' असा शिक्का मारला तर ते खोटंही नाही. आहे चामडंच. फक्त कोणता थर, ते तो शिक्का सांगत नाही.

मी आबाजींना विचारलं, तुम्ही चांगला सप्लायर कसा शोधायचे? ते हसले. म्हणाले, शोधायचं काय? गावातलं मेलेलं जनावर, कातडं गावातच कमावलेलं. बाभळीची साल, हिरडा, चुना. कोणाच्या घरचा बैल, किती वर्षांचा, सगळं ठाऊक. शेतकरी सुगीला धान्य द्यायचा, वहाण बिघडली तर त्याच घरी परत यायची.

त्या दिवसांत सगळं गोड होतं असं मी म्हणत नाही. ते काम करणाऱ्यांना गावानं बाहेर ठेवलं, हे आबाजींनी स्वतः भोगलंय. पण माल कुठून आला हे मात्र माहीत असायचं.

आपल्याच जिल्ह्यात यावर एक मोठा प्रयोग झालाय, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. 1934 मध्ये गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकात गावातल्या चामडं कमावण्याच्या धंद्यावर लिहिलं. त्याच वर्षाच्या शेवटी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. आणि वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. नैसर्गिक मरण आलेल्या जनावरांचंच कातडं, पण नीट, शास्त्रीय पद्धतीनं कमावलेलं. चांगलं चामडं गावात तयार व्हावं आणि करणाऱ्याला मान मिळावा, असा तो विचार. आज माझं चामडं शेकडो किलोमीटरवरून येतं. मग आबाजींना जे आपोआप माहीत होतं, ते मला विचारून विचारून काढावं लागणार.

म्हणून मी एक वही केली. काय विचारायचं, ते त्यात लिहिलं. तुम्हीही लिहून घ्या.

पहिलं, कमावलं कशानं? साल-हिरड्यासारख्या वनस्पतींनी, की क्रोमनं? वनस्पतींनी कमावलेलं, म्हणजे व्हेज टॅन, कडक असतं, नक्षी धरतं, वापरून गडद होतं. क्रोमचं मऊ असतं, बॅगेला, जॅकेटला चालतं. घरी बघायचं तर काठावर कापून बघा, क्रोमच्या चामड्याला मधोमध बऱ्याचदा निळसर झाक दिसते. छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाका. व्हेज टॅन आकसून कडक होतं, क्रोमचं बहुतेक तसंच राहतं.

दुसरं, जाडी मिलिमीटरमध्ये. "मध्यम जाड" असं कधी म्हणू नका. पाकिटाला मी 1 ते 1.2 घेतो, बॅगेला 2 च्या आसपास, बेल्टला साडेतीन. एक कॅलिपर विकत घ्या.

तिसरं, भाग कोणता? पाठ, खांदा की पोट?

चौथं, रंग. ओलं पांढरं फडकं 20 वेळा घासा. फडकं रंगलं तर गिऱ्हाईकाचा शर्टही रंगणार.

पाचवं, माप. चामडं स्क्वेअर फुटावर विकतात, पण त्याचा आकार वाकडातिकडा. मी जमिनीवर खडूनं एक-एक फुटाचे चौकोन आखलेत, त्यावर पसरून मोजतो. त्यातलं चौथा हिस्सा तरी कापताना वाया जाणार, हे धरूनच भाव लावा.

सहावं, सॅम्पल ज्या लॉटचं, माल त्याच लॉटचा का? हे मेसेजवर लिहून घ्या. आणि बिल पक्कं घ्या, जनावर कोणतं ते लिहिलेलं. आपल्या राज्यात 2015 पासून गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. मी म्हशीचं चामडं वापरतो आणि बिल फाइलला लावून ठेवतो.

ही वही घेऊन मी हिंगणघाटला रेल्वेत बसलो. ती लाइन खाली चेन्नईकडे जाते. चेन्नई सेंट्रलच्या जवळच पेरियामेट म्हणून भाग आहे, चामड्याचा जुना बाजार. राणीपेट, अंबूर, वाणियमबाडीकडच्या टॅनरीचा माल तिथे मिळतो. मला तमिळ येत नाही, त्यांची हिंदी मोडकी. पण मी "बफेलो, व्हेज टॅन, साडेतीन मिलिमीटर, पाठ" म्हटलं की माणूस मान वर करून बघायचा.

पाच दुकानांत तेच विचारलं. तिघांनी सगळ्याला "मिलेगा, मिलेगा" म्हटलं. एकानं एवढा कमी माल देत नाही म्हणून सांगितलं. पाचव्यानं उलटा प्रश्न केला, "बनाते क्या हो?" बेल्ट म्हटल्यावर त्यानं हातातला तुकडा परत ठेवला आणि दुसरा काढला. मी फक्त 10 फूट घेतलं. घरी आणून बेल्ट बनवला, स्वतः तीन महिने घातला. मगच पुढची ऑर्डर.

आता खरी परीक्षा ऐका. तिसऱ्या खेपेला माल 3 मिलिमीटर निघाला. माझ्या छातीत धडकी. पण या वेळी मी कापलं नव्हतं. कॅलिपर लावलेला फोटो पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला. त्यानं चूक कबूल केली आणि पुढच्या बिलात पैसे वळते केले.

तेव्हा मला वाटलं, हा आपला माणूस. चूक कुणाकडूनही होते. चूक झाल्यावर जो फोन उचलतो, तो विश्वासू. पण त्याला चूक दाखवता यायला तुमच्याकडे माप पाहिजे, लिहिलेलं पाहिजे. मागच्या वेळी माझ्याकडे काय होतं? "भैया, माल खराब निकला" एवढंच.

त्या 17 बेल्टांच्या बदल्यात मी दुकानदाराला 17 नवे दिले, फुकट. पुढची ऑर्डर त्यानं 40 ची नाही, फक्त 10 ची दिली. बरोबरच आहे त्याचं. मीही तसंच 10 फुटांपासून सुरू केलं होतं ना.

आता पार्सल आलं की आधी आबाजींच्या हातात देतो. त्यांना आता नीट दिसत नाही. बोटानं चाचपतात, काठाशी दुमडतात आणि म्हणतात, "हाव, काप."

तर मित्रांनो, तुम्ही चामडं घेताना कुठे फसलात, काय शिकलात, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. आणि कुणी मित्र चामड्याचं काम सुरू करत असेल, तर पैसे पाठवायच्या आधी त्याला हा भाग ऐकवा. भेटू पुढच्या भागात.