रक्त भरपूर, तरी थकवा



कुणी थकल्यासारखं दिसलं की 'रक्त कमी झालंय' हे निदान आपल्याकडे घरातच होतं. मग बीट, खजूर आणि औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या येतात. पॉलिसायथेमिया व्हेरा या दुर्मीळ आजारात मात्र हाच उपाय अंगाशी येऊ शकतो.

या आजारात अस्थिमज्जा गरजेपेक्षा जास्त तांबड्या पेशी तयार करते. रक्त दाट होतं, गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. फ्रेंच डॉक्टर वाकेझ यांनी १८९२ साली या आजाराचं वर्णन केलं. बहुतेक सगळ्या रुग्णांत आढळणारा जॅक-टू जनुकातला बदल सापडला तो २००५ साली.

मग एवढं रक्त असून थकवा का? एक तर, या आजारात शरीरात दाह निर्माण करणारी रसायनं वाढतात. अंघोळीनंतर सुटणारी खाज आणि रात्रीचा घाम यांनी माणूस बेजार होतो, झोप पुरी होत नाही. शिवाय हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ४५ टक्क्यांखाली राहावं म्हणून वेळोवेळी रक्त काढावं लागतं. त्याबरोबर लोह जातं, आणि त्यानंही गळून गेल्यासारखं वाटतं.

पण लोहाची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका. लोह मिळालं की मज्जा पुन्हा जोमानं पेशी बनवू लागते. वारंवार रक्त काढून फार थकवा येत असेल, तर डॉक्टर हायड्रॉक्सीयुरिया किंवा रुक्सोलिटिनिबसारख्या औषधाचा विचार करतात. इंटरफेरॉनही देतात, पण त्यानं काहींचा थकवा वाढतो. थायरॉइड, बी-१२ आणि मनाची उदासी यांचीही तपासणी व्हायला हवी; थकव्याचं मूळ तिथंही असू शकतं.

घरी काय करावं? झेपेल तेवढं रोज चालावं. जड कामं अंगात तरतरी असते त्या वेळेला करावीत. थकव्याला शून्य ते दहा असे गुण देऊन वहीत नोंद ठेवावी.

घरच्यांनाही एक विनंती. रिपोर्ट चांगला आला म्हणून थकवा खोटा ठरत नाही. 'आळस करतोस' म्हणण्याऐवजी पुढच्या तपासणीला रुग्णासोबत जा, आणि ती वही डॉक्टरांना आठवणीनं दाखवा.