मोर्चास जाणारा घरी परत आला पाहिजे
(एकोडी, जिल्हा भंडारा येथे 23 नोव्हेंबर रोजी गोवारी शहीद दिनाच्या सभेत केलेले भाषण)



धान चुरण्याची घाई असता आपण हातचे काम टाकून येथे आलात, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. दरवर्षी या सुमारास नागपुरास विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाची तयारी लागते, आणि आपापले गाऱ्हाणे घेऊन गावोगावची माणसे मोर्चास निघतात. कोणी जाऊ नये असे सांगण्यास आम्ही उभे राहिलो नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही आणि वशिलाही नाही, त्याच्यापाशी पाय आणि आवाज एवढेच धन असते. शांतपणे व हत्याराविना एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या 19 व्या कलमाने आपणांस दिला आहे. तो सोडावयाचा नाही. पण जो गेला तो घरी परत आला पाहिजे. आज बोलावयाचे ते एवढेच.

1994 सालच्या 23 नोव्हेंबरची गोष्ट आपण जाणता. आम्ही तेव्हा शाळेत शिकणारे पोर होतो. भंडारा व गोंदिया हा एकच जिल्हा होता. विदर्भातील गोवारी बांधव अनुसूचित जमातीच्या सवलती मागण्यासाठी हजारोंच्या संख्येने नागपुरास गेले. मॉरिस कॉलेजाजवळ पोलिसांनी मोर्चा अडविला. माणसे दिवसभर ताटकळत बसली. सरकारातील कोणी सामोरे येईना. सायंकाळी गर्दी हलली, लाठ्या चालल्या, आणि त्या चेंगराचेंगरीत 114 जीव गेले. त्यांत बायका आणि लेकरेच फार. पाचशेहून अधिक जखमी झाले. आदिवासी विकासमंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग बसला. त्याने कोणासही दोषी धरले नाही. 1995 साली गोवाऱ्यांस विशेष मागास प्रवर्गाच्या सवलती मिळाल्या. मूळ मागणी मात्र 2018 साली उच्च न्यायालयात मान्य झाली, आणि 18 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयात फेटाळली गेली. एकशेचौदा माणसे गेली. त्यांचा जाब आजवर कोणी दिला नाही.

आता एक विचार करा. मेलेले लोक कोण होते? पिढ्यान् पिढ्या गावाची गुरे राखणारे. सकाळी आखरावर गुरे गोळा झाली, पुढे कवाड बंद असले, तर मागून काठी हाणू नये, हे गुराख्याच्या दहा वर्षांच्या पोरासही कळते. हाणली तर मागची पुढचीवर चढते आणि वासरे खाली जातात. आधी कवाड उघडावे, मग हाकावे. जे गुराख्यास गुरांविषयी कळते, ते राज्य चालविणाऱ्यांस माणसांविषयी कळू नये काय?

कायदाही याहून वेगळे सांगत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या 148 व्या कलमाप्रमाणे मॅजिस्ट्रेट अथवा ठाण्याचा अंमलदार, तो नसल्यास निदान फौजदाराच्या दर्जाचा अधिकारी, याने आधी जमावास पांगण्याचा हुकूम द्यावयाचा. जमाव न पांगल्यास मगच बळ वापरावयाचे. हे बळ पांगविण्यासाठी असते, शिक्षा देण्यासाठी नव्हे. आणि जेथे पांगण्यास वाटच नाही, तेथे पांगवणार कोठे? म्हणून मोर्चाच्या पुढाऱ्यांनी परवानगी घेतानाच पोलिसांस विचारून घ्यावे, की अडविणार कोठे, आणि माणसांस बाहेर पडण्यास मोकळा रस्ता कोणता ठेवणार. हे लेखी मागावे.

पण पुढाऱ्यावर व पोलिसावर सारा भार टाकून आपण निजावे असेही नाही. दाट गर्दीत माणूस तुडविला जाऊनच मरतो असे नव्हे. उभ्याउभ्याच छाती दाबली जाऊन श्वास कोंडून मरतो. यासाठी काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पोहोचताच आधी बाहेर पडण्याच्या दोन वाटा पाहून ठेवा. भिंतीस, कठड्यास किंवा बंद दारास टेकून उभे राहू नका. अंगास अंग लागून हात हलविता येईनासे झाले, की भाषण कितीही गोड असो, तेथून निघा. लोट आला तर त्याच्याविरुद्ध ढकलू नका. दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून श्वासापुरती जागा राखा, आणि लोट ओसरला की तिरपे तिरपे कडेस सरका. चप्पल पडली, पिशवी पडली, तरी वाकू नका. लेकरू बोटास धरून चालवू नका, वर उचलून घ्या. त्याहून बरे म्हणजे तान्ह्यांस दाट गर्दीत नेऊच नका. पडलात आणि उठता येईना, तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या व हातांनी डोके झाका. अश्रुधूर सुटला तर वारा येतो त्या अंगास जा. डोळे चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा.

पोलिसासमोर आलात तर हात मोकळे दिसू द्या. त्याची लाठी धरू नका, शिवी देऊ नका. मागे उभा राहून जो दगड फेकतो, त्याचे उत्तर पुढे उभ्या असलेल्या म्हातारीस मिळते. त्यास आपल्यातलाच कोणी आवरला पाहिजे. आणि लाठी धरणारा हातही बहुधा आपल्यासारख्याच कास्तकाराच्या पोराचा असतो, हे त्यानेही विसरू नये आणि आपणही विसरू नये.

कोणास धरून नेले तर भिऊन जाऊ नका. अटकेचे कारण सांगणे आणि नातलगास अथवा मित्रास कळविणे पोलिसांस भाग आहे. वाटेचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावेच लागते. डॉक्टरकडून तपासणी व्हावयास हवी. अंगावर वळ असतील तर ते दाखवा आणि कसे उठले तेही सांगा. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी बाईस अटक करता येत नाही. अगदीच खास कारण असले तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची परवानगी आधी घ्यावी लागते. साक्षीदाराने पोलिसांपुढे जी जबानी द्यावयाची, तीवर त्याची सही घेण्यास कायद्यातच मनाई आहे. कोऱ्या कागदावर तर अंगठा कधीच देऊ नये. जोतीरावांनी 1873 साली सत्यशोधक समाज काढला, तो कागद वाचणाऱ्याने न वाचणाऱ्यास बुडवू नये याचसाठी. वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. बायांस, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस आणि अटकेत असलेल्या कोणासही सरकारी खर्चाने वकील मिळतो; तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे जावे, अथवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.

आता कोणी म्हणेल, मास्तर मेलेल्यांसच शहाणपण शिकवितात. तसे नाही. नागपुरात जे मेले ते आपल्या चुकीने मेले नाहीत. सावध राहणे हे आपले काम. पण सावध नव्हता म्हणून कोणाचा जीव घेण्याची मुभा कोणास मिळत नाही. म्हणून सावधपणाचा अर्धा भाग जीव वाचविण्यात आहे, आणि अर्धा पुढे साक्ष देण्यात आहे. 11 जुलै 1997 रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार होऊन 10 माणसे मेली. तेथे चौकशी आयोगाने गोळीबार अनाठायी ठरविला, आणि 2009 साली सत्र न्यायालयाने हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यास जन्मठेप सांगितली. पुढे तो अपिलात गेला, ही गोष्ट वेगळी; पण वस्तीतली गरीब माणसे बारा वर्षे मागे हटली नाहीत, म्हणूनच खटला तेथवर गेला. तेव्हा वेळ, जागा, पोलिसाच्या छातीवरचे नाव, दवाखान्याचा कागद, हे सारे जपून ठेवा.

शेवटी एकच मागणे. या गावातून जे जातील त्यांची नावे व फोन एका वहीत लिहून वही गावात ठेवावी. पाच-पाच जणांची टोळी करावी. एकाने दुसऱ्यास नजरेआड होऊ देऊ नये. गुराखी सांजेस गुरे मोजून गावात आणतो. एक वासरू कमी भरले तर अंधारात पुन्हा रानात जातो. तशी आपण आपली माणसे मोजून आणावी. आणि ज्या 114 जणांची मोजणी त्या सायंकाळी भरली नाही, त्यांची आठवण ठेवून जाब मागणे थांबवू नये. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.