परदेशी वैद्यकशिक्षण आणि घरचा जमाखर्च

(ज्ञातीच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आपल्या शिक्षण-साहाय्य निधीकडे परदेशी जाऊन वैद्यक शिकू इच्छिणाऱ्यांचे अर्ज आता नेमाने येतात. ही अभिमानाची गोष्ट खरीच. परंतु निधीचा एक विश्वस्त या नात्याने त्या अर्जांना जोडलेले खर्चाचे अंदाज मी वाचतो, तेव्हा अभिमानाइतकीच काळजीही वाटते. म्हणून आज विद्येच्या थोरवीविषयी न बोलता मी पैशाविषयी बोलणार आहे.

या अंदाजांतील पहिला दोष असा, की ते पदवीपाशी संपतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातील अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असावा लागतो. त्यावर तेथेच १२ महिन्यांची आंतरवासिता. स्वदेशी परतल्यावर चाळणी परीक्षा आणि पुन्हा १२ महिन्यांची आंतरवासिता. ही परीक्षा ३०० गुणांची असून उत्तीर्ण होण्यास १५० गुण लागतात. तीत अनुत्तीर्ण होणारेच बहुसंख्य असतात, हे कटु सत्य पालकांनी आधीच ध्यानी घ्यावे. आता बँकेचे गणित पाहा. शैक्षणिक कर्जाची परतफेड सामान्यतः अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. म्हणजे मुलगा अद्याप परीक्षेच्या तयारीत वा आंतरवासितेत असतानाच घरी हप्त्याची मागणी येऊन ठेपते! यास्तव खर्चाचा अंदाज सहा वर्षांचा नव्हे, आठ वर्षांचा मांडावा. शिक्षण चालू असतानाही व्याज चढतच असते. २० लाखांचे कर्ज शेकडा १० दराने असेल, तर वर्षाचे केवळ व्याजच २ लाख. ज्यांना शक्य आहे त्यांनी हे व्याज तरी वेळच्या वेळी भरावे.

दुसरी गोष्ट चलनाची. २०१४ च्या मध्यास डॉलरला सुमारे ६० रुपये पडत. २०२४ च्या डिसेंबरात ८५ हून अधिक पडू लागले. पाच हजार डॉलरचे जे शुल्क तीन लाखांत भागत होते, त्यास सव्वाचार लाख लागले. विद्यापीठाने शुल्कात एका डॉलरचीही वाढ केली नाही, तरी घरचा भार वाढतो तो असा. तेव्हा प्रत्येक वर्षाच्या अंदाजात रुपयाच्या घसरणीसाठी काही रक्कम वेगळी धरावी.

तिसरी गोष्ट पैसे पाठविण्याची. शुल्क थेट विद्यापीठाच्या खात्यात, बँकेमार्फत भरावे. मध्यस्थाच्या हाती रोकड देऊ नये. कित्येक ठिकाणी एक सोयीचा मार्ग सुचविला जातो: तिकडे कोणी विद्यार्थ्यास स्थानिक चलन देतो आणि इकडे वडिलांनी त्याच्या माणसास रुपये द्यावयाचे. ही सोय नव्हे. १९९९ च्या परकीय चलन कायद्याचा तो भंग आहे. दुसऱ्या कोणाची रक्कम आपल्या खात्यातून फिरवू देणे हेही तितकेच घातक. भावी डॉक्टरची अब्रू चार पैशांच्या बचतीहून मोलाची आहे.

आता विद्यार्थिमित्रांसाठी दोन शब्द. महिन्याच्या आरंभी घरभाडे, भोजन, विमा आणि प्रवास यांची रक्कम बाजूला काढावी आणि उरलेल्या रकमेत महिना काढावा. परतीच्या विमानभाड्याइतकी शिल्लक कधीही मोडू नये. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध भडकले, तेव्हा आपल्या हजारो विद्यार्थ्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. दुकानात कार्डाने पैसे देताना यंत्र ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असे विचारते, तेव्हा स्थानिक चलनच निवडावे. रुपयांत बहुधा महाग पडते.

मात्र काटकसर म्हणजे पोटाला चिमटा नव्हे. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियास त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. रोझेल येथील कार्पेंटरबाईंनी त्यांना परदेशात कन्येप्रमाणे माया दिली होती; तरीही ती ज्योत अकाली मालवली. थंड देशात उबदार वस्त्रे, पोटभर अन्न आणि आजारपणात औषध यांवरचा खर्च ही चैन नव्हे. तेथे हात आखडू नये. पैसे अपुरे पडत असतील, तर संकोच सोडून घरी कळवावे. आणि पालकांनीही घरची खरी स्थिती मुलांपासून लपवू नये. दोन्ही बाजूंनी झाकलेले दारिद्र्य अखेर कर्जाच्या रूपानेच उघडे पडते.

शेवटी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. आपण सारे साहाय्य प्रस्थानाच्या वेळी, हारतुऱ्यांसह देतो. त्यातील एक तृतीयांश भाग राखून ठेवावा आणि विद्यार्थी परतल्यावर, परीक्षा व आंतरवासितेच्या काळात द्यावा. निरोपाच्या दिवशी मदतीचे हात पुष्कळ असतात. परतल्यानंतरच्या त्या दोन वर्षांत ते क्वचितच दिसतात. खरी गरज तेव्हाची आहे.