परदेशी पाहुणा आणि आपले लग्नघर



माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि मोर्च्यात झाले. अशा माणसाने या व्यासपीठावरून लग्नावर बोलावे याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु मजुराच्या आयुष्यातला सर्वांत मोठा खर्च कोणता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते वाटणार नाही. आजचा विषय असा, की परदेशी पाहुणा आपल्या लग्नाला येतो तेव्हा आपण त्याला काय दाखवतो आणि तो काय पाहतो. या दोन गोष्टी पुष्कळदा निराळ्या असतात.

प्रथम दाखवण्याची गोष्ट घेऊ. पाहुणा येतो, आपण त्याला फेटा बांधतो, पुढच्या खुर्चीवर बसवतो. मग त्याच्या शंका सुरू होतात. दोघांच्या मध्ये हे कापड कशाला? आपण सांगतो, तो अंतरपाट. मंगलाष्टके संपेपर्यंत त्यांनी एकमेकांना पाहायचे नाही. लोक दाणे का फेकतात? त्या अक्षता, तुम्हीही टाका, म्हणजे आशीर्वादात तुमचा वाटा झाला. ही गोष्ट परदेशी माणसाला फार आवडते, आणि आवडावी अशीच आहे. मांडवातल्या प्रत्येकाच्या मुठीत चार दाणे असतात. म्हणजे जमलेला माणूस नुसता प्रेक्षक नसतो, तो साक्षीदार असतो. मग सप्तपदी. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लिहिले आहे, की जेथे सप्तपदीची रीत आहे तेथे सातवे पाऊल पडले की विवाह पूर्ण झाला. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने तर बजावले, की लग्न म्हणजे नाचगाण्याचा, खाण्यापिण्याचा किंवा हुंड्याच्या देवघेवीचा प्रसंग नव्हे. थोडक्यात, कायदा सात पावले मागतो. हजार पाने, वाजंत्री आणि आतषबाजी कायदा मागत नाही; ती आपण मागतो.

का मागतो? पाहुण्याने पाहावे म्हणून. येथे मला इतिहासातले एक लग्न आठवते. १८३७ च्या मार्च महिन्यात पंजाबात महाराजा रणजितसिंहाचा नातू नौनिहालसिंह याचे लग्न झाले. मुलगी सरदार श्यामसिंह अटारीवाला यांची. कंपनी सरकारच्या फौजांचा सरसेनापती सर हेन्री फेन त्या लग्नाला मुद्दाम बोलावलेला पाहुणा होता. महाराजांनी दौलतीचे, फौजेचे सारे वैभव त्याच्यापुढे मांडले. पाहुण्याने ते पाहिले, वाखाणले. आणि पंजाब जिंकायचा तर किती फौज लागेल, किती काळ लागेल, याचाही अंदाज त्याने बांधला. पुढे १८४६ च्या फेब्रुवारीत सोब्रावच्या लढाईत इंग्रजांशी लढताना मुलीचे वडील श्यामसिंह मारले गेले आणि १८४९ साली पंजाब कंपनीच्या राज्यात गेला. लग्नामुळे राज्य गेले, असे मी म्हणत नाही. पाहुणे सगळे हेरच असतात, असेही नाही. सांगायचे एवढेच, की यजमान शोभा दाखवतो तेव्हा पाहुणा घर पाहत असतो.

आता काळ बदलला. २०१६ सालापासून परदेशी प्रवाशांना तिकीट लावून भारतीय लग्नाला नेण्याचा धंदाही निघाला आहे. त्यातून एखाद्या यजमानाला चार पैसे मिळत असतील. मी त्यांना नावे ठेवत नाही. परंतु एक फरक ध्यानात ठेवावा. तिकीट काढून आलेल्या माणसाला आपण जे दाखवू ते चांगलेच दिसले पाहिजे, कारण त्याने त्याचे पैसे मोजले आहेत. आमंत्रणाने आलेला पाहुणा मात्र घरचा होतो, आणि घरच्या माणसाला प्रश्न विचारण्याचा हक्क असतो.

अशा एका पाहुण्याचे प्रश्न मी ऐकले आहेत. २०२५ च्या मे महिन्यात जर्मनीतल्या कामगार संघटनेचे एक कार्यकर्ते ऊसतोड मजुरांची स्थिती पाहण्यासाठी बीड जिल्ह्यात आले होते. बालाघाटच्या डोंगरातल्या एका वस्तीवर आमच्या संघटनेच्या सभासदाच्या मुलीचे लग्न होते. बापाने हौसेने आमंत्रण दिले. "दादा, पाव्हण्यांना घेऊन या. गरिबाचा मांडव बी बघू द्या त्यांना," असे तो मला म्हणाला. एक कॉलेजात शिकणारा मुलगा दुभाष्या म्हणून बरोबर घेतला.

पाहुण्याने रंगवलेल्या ज्वारीच्या अक्षता टाकल्या, पंगतीत मांडी घालता येईना तरी पंगतीतच बसला, बुंदी मागून घेतली. सगळी वस्ती खूश. जेवण झाल्यावर त्याने विचारले, "हलगी वाजवणारे अजून का जेवले नाहीत?" कोणी काही बोलले नाही. नवरीच्या आईने उठून त्यांची पाने वाढायला सांगितली. मग त्याने मुलीच्या बापाला विचारले, "एवढे सगळे कशातून केलेत?"

बाप सहज म्हणाला, "उचल घेतली."

शहरातल्या श्रोत्यांसाठी हा शब्द उलगडून सांगतो. कारखान्याचा हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी मुकादम मजुराला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. ती एकट्याला मिळत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि कोयत्याला उचल देतात. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयत्याने घर सोडायचे, थंडीत उसाच्या फडात उभे राहायचे आणि ती रक्कम तोडून फेडायची. हंगामात फिटली नाही तर उरलेली बाकी पुढच्या सालावर.

या बापाने ऐंशी हजार उचलले होते. पाहुण्याने कागद काढला. २०२४ च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या थोडा वर गेला. त्या हिशेबाने ऐंशी हजार म्हणजे सव्वादोनशे टनांच्या आसपास ऊस. नवरा-बायको दिवसाला दोन टन तोडतात असे धरले, तर एकशेदहा दिवस. आणि या काळात फडावर खाल्लेल्या भाकरीचा खर्च निराळा. दुभाष्याने हा आकडा सांगितला तेव्हा बाप हसला. म्हणाला, "पाव्हणं, पोरीचं लगीन हाय. हिशेब करून कुठं लगीन होतंय?"

भगिनींनो आणि बंधूंनो, त्या बापाला मी दोष देणार नाही. मांडव लहान घातला तर सोयरे काय म्हणतील, मुलीला सासरी काय ऐकून घ्यावे लागेल, हे भय खरे आहे. त्याचा मान राखण्याचा तो एकच दिवस. बाकीचे दिवस त्याला कोणी मान देत नाही. पण या भयाची किंमत पाहा. ज्या मुलीच्या लग्नासाठी उचल घेतली, तीच मुलगी दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर नवा कोयता म्हणून फडात उभी राहते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात शंभरातल्या चाळीसहून अधिक मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. जोडी झाली की कोयता होतो आणि कोयता झाला की उचल मिळते. घरे बंद करून आईबाप फडावर गेले तर वयात आलेली मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, हाही घोर असतो. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने रूढीच्या किंवा सामाजिक बंधनापायी पत्करलेली वेठही वेठबिगारीतच धरली आहे. कायदा करणाऱ्यांना हा मांडव दिसला होता. आपल्याला दिसत नाही, कारण आपण त्यात वाढलो.

मग करावे काय? नवे काही शोधायला नको. १८७३ साली महात्मा फुले यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी कमी खर्चाचा, भटजीवाचून लागणारा विवाह लावून दाखवला. सावित्रीबाई त्या कामात पुढे होत्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तर नोंदणी अधिकाऱ्यासमोर तीन साक्षीदारांनिशी लग्न लागते. ज्यांना सप्तपदी हवी त्यांनी ती जरूर करावी. सात पावलांना उचल लागत नाही. आमच्या संघटनेत आम्ही दोन नियम करू पाहत आहोत. सभासदाच्या घरचे लग्न उचलीच्या पैशावर होऊ नये, त्यासाठी पतपेढीत दरमहा थोडे साठवावे. आणि वाजवणारे, वाढणारे, भांडी घासणारे यांनी पहिल्या पंगतीत बसावे. दुसरा नियम लवकर रुजतो आहे. पहिला जड जातो, कारण मांडव मोठा घालणारे आधी तुम्ही-आम्ही शहरातले, आणि खेडे आपले पाहून शिकते.

म्हणून माझी विनंती या सभागृहातल्या ऐपतदारांना आहे. आपल्या घरच्या कार्याला परदेशी पाहुणा अवश्य बोलवा, त्याच्या मुठीत अक्षता द्या. आणि त्याने विचारले, की हे सारे कशातून केलेत, तर सर्वांदेखत उत्तर देता येईल असे लग्न करा.